फुलोऱ्यानंतरची मणीगळ : औषध घेण्याआधी घड पाहा

द्राक्ष बागायतदार बंधू-भगिनींनो,

फळछाटणीला 35 ते 45 दिवस झाले, बाग फुलोऱ्यात आली, की दुकानात एकच मागणी सुरू होते : ‘गळ थांबवायला काहीतरी द्या.’ पण गळ कशामुळे होतेय हे कळल्याशिवाय बाटली हातात देणं आम्हाला योग्य वाटत नाही.

थोडी गळ हवीच असते. घडातल्या सगळ्या फुलांचे मणी झाले तर घड गच्च होतो, मण्याला फुगायला जागा राहत नाही आणि विरळणीची मजुरी वाढते. म्हणून घडाखाली तळहात धरून घड हलकेच हलवा. हातात फुलांच्या टोप्या आणि सुकलेली फुलं आली तर काळजीचं कारण नाही. पण धरलेले मणी पडत असतील आणि पाकळ्या (घडाच्या छोट्या फांद्या) रिकाम्या दिसत असतील, तर कारण शोधायलाच हवं.

आमच्या नाशिक भागात बहुतेक वेळा ते जोमात सापडतं. नत्र जास्त झालं, पाणी सढळ सुटलं, की शेंडा धावत राहतो आणि पानांनी तयार केलेलं अन्न घडाऐवजी तिकडे जातं. त्यात चार दिवस ढगाळ गेले तर पानांत अन्नच कमी तयार होतं आणि वेल मणी सोडून देते. अशा बागेत फुलोऱ्याआधी शेंडा मारा, बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणारे फुटवे) वेळेवर काढा, घडापर्यंत उजेड आणि हवा पोहोचू द्या. युरिया थांबवा. पाणी थोडं आखडतं द्या, मात्र एकदम तोडू नका. ताण बसला तरी मणी गळतात.

देठ तपकिरी पडलेत, घडावर पांढरी बुरशी दिसतेय? मग तो डाऊनी (केवडा) हा बुरशीचा रोग आहे, त्याला संजीवक, म्हणजे वाढीवर परिणाम करणारं औषध, चालणार नाही. पाऊस झाल्यास तारा हलवून घडातलं पाणी लगेच झटकून टाका. बुरशीनाशक लेबल क्लेम असलेलंच, म्हणजे लेबलवर द्राक्षासाठी मंजुरी असलेलंच घ्या आणि काढणीपूर्व अंतर, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस, पाळा.

जीएबद्दल (जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकाबद्दल) कळकळीची विनंती. ऐन फुलोऱ्यात जीए मणी विरळ करतं. गळ दिसली म्हणून तेव्हा ते मारलं तर गळ वाढेल.

बोरॉन फलधारणेला लागतं हे खरं, पण जादा झालं तर पानं करपतात. पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ तपासायला द्या. अहवाल हाती येईपर्यंत यंदाचा फुलोरा सरलेला असेल. पुढच्या हंगामात फुलोऱ्याआधी काय द्यायचं, ते त्यावरून ठरवता येईल.

दुकानात येताना गळ असलेला एक घड पानासह कागदात गुंडाळून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजतो. छाटणीची तारीख आणि मागच्या तीन फवारण्याही लिहून आणा. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.