अनपेक्षित साखरवाढ (इन्सुलिनवरील मधुमेह)

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीचे जेवण नेहमीचे, मात्रा नेहमीची, तरी रक्तातील साखर अपेक्षेपेक्षा बरीच वर गेलेली आढळणे, याला अनपेक्षित साखरवाढ म्हणतात. बहुतेक प्रौढ मधुमेहींनी साखर जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या आत राखावी, असे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. यंत्रावर २८० दिसले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला : “काय खाल्लं?” प्रश्न गैर नाही, पण त्यात चौकशी न होताच निकाल लागतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड क्षणाक्षणाला हिशेब जुळवत असते. टोचून घेणाऱ्याला तोच हिशेब जेवणाआधी अंदाजाने मांडावा लागतो, आणि बाटलीपासून रक्तापर्यंतच्या वाटेवर तो कुठेही चुकू शकतो.

सुरुवात बोटापासून करावी. आंबा सोलून किंवा केळे खाऊन हात न धुता तपासणी केली, तर बोटावरची फळातली साखर थेंबात मिसळते आणि आकडा खोटा फुगतो. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजावे. मुदत संपलेल्या किंवा डबी उघडी राहून दमट झालेल्या पट्ट्याही दगा देतात. शिवाय घरगुती यंत्राला मुळातच सुमारे १५ टक्क्यांची सूट असते : खरी साखर २०० असताना त्याने १७० किंवा २३० दाखवले, तरी ते नापास ठरत नाही.

भारतात आणखी एक घोटाळा संभवतो. इथे बाटलीतले इन्सुलिन बहुधा यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट अशा तीव्रतेचे मिळते, तर पेनच्या काडतुसातले सहसा यू-१००. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. यू-४० च्या सिरिंजेचे टोपण लाल, यू-१०० चे नारिंगी. दुकानातून चुकून नारिंगी टोपणाची आली आणि तिच्यात यू-४० इन्सुलिन २० च्या रेषेपर्यंत भरले, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. साखर आठवडाभर चढी राहते आणि खापर फुटते भातावर. उलट अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट होते, आणि तो प्रकार जिवावर बेतू शकतो.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. वापरात घेतलेले बहुतेक प्रकार २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी उन्हात उभ्या गाडीत किंवा खिडकीशी राहिलेल्या बाटलीचा जोर कमी होतो, पण पारदर्शक इन्सुलिन दिसायला पूर्वीसारखेच राहू शकते. फ्रीज नसेल तिथे मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून, आतल्या मडक्यात बाटली ठेवण्याची युक्ती उपयोगी पडते. बर्फाच्या कप्प्यात मात्र ती कधीही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. दुधाळ इन्सुलिन तळवे चोळल्यासारखे हळुवार फिरवून, वरखाली करून एकसारखे केले नाही, तर एका दिवशी पातळ आणि दुसऱ्या दिवशी दाट मात्रा जाते.

वर्षानुवर्षे पोटावर एकाच जागी टोचल्याने त्वचेखाली चरबीच्या मऊ गाठी येतात. तिथे दुखत नाही, म्हणून हात पुन्हा तिकडेच वळतो. गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी अर्धवट शोषले जाते. रोज निदान एक बोट अंतर सोडून जागा बदलणे हा साधा उपाय. मात्र गाठ सोडून निरोगी जागी टोचू लागल्यावर तीच मात्रा भारी पडते, म्हणून ती डॉक्टरांना विचारून कमी करावी लागते.

सकाळी उठल्याउठल्या दिसणारी वाढ वेगळी. पहाटे वृद्धिसंप्रेरक, कॉर्टिसॉल वगैरे संप्रेरकांच्या प्रभावाने यकृत साखर सोडते. याला १९८१ मध्ये ‘पहाटेची घटना’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले. त्याआधी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल सोमोगी यांनी, रात्री साखर फार उतरल्याची प्रतिक्रिया म्हणून सकाळी ती चढते, असे मांडले होते. सतत मोजणाऱ्या संवेदकांच्या नोंदींत हा उसळीचा प्रकार क्वचितच आढळतो. तरीही दोन-तीन रात्री झोपताना आणि तीन वाजता साखर मोजणे फायद्याचे. झोपतानाच ती चढी असेल तर रात्रीचे जेवण किंवा त्याची मात्रा पाहावी; तीनपर्यंत ठीक राहून मग चढली तर पहाटेचा परिणाम; तीनला उतरलेली असेल तर इन्सुलिन वाढवणे धोक्याचे.

खाण्याचा वाटा अर्थात आहेच, पण तो नेहमी गोडाचा नसतो. उपवासाच्या दिवशी “काहीच खाल्लं नाही” म्हणणाऱ्याच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. तळलेल्या, तेलकट जेवणाची साखर तीन-चार तासांनी वर येते, तोवर जेवणाआधीच्या शीघ्र इन्सुलिनचा भर ओसरलेला असतो. ताप, दाताचा पू, लघवीचा संसर्ग, पाळीआधीचे दिवस, मानसिक ताण यांनीही गरज वाढते. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दिलेले स्टेरॉइड तर साखर झपाट्याने चढवते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा परिणाम विशेषतः दुपारी आणि संध्याकाळी दिसतो.

आकडा पाहून घाईने पुन्हापुन्हा टोचणे ही नेहमीची चूक. शीघ्र इन्सुलिन सुमारे चार तास काम करत राहते. तासाभरात दुसरी मात्रा दिली तर दोन्ही एकावर एक साचतात आणि मध्यरात्री घाम फुटून साखर कोसळते.

मात्र साखर २५० च्या वर टिकून असेल, विशेषतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, तर लघवीतील किंवा रक्तातील कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे आम्ल पदार्थ) तपासावेत. इन्सुलिन सतत सोडणारा पंप वापरणाऱ्याची नळी वाकली किंवा तुंबली, तर शरीरात दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसल्याने काही तासांतच कीटोन वाढतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास ही कीटोअम्लतेची, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याची, लक्षणे आहेत. त्यात घरी थांबून चालत नाही, रुग्णालयच गाठावे लागते. “जेवण जात नाही” म्हणून आजारपणात दीर्घ परिणामाचे इन्सुलिन बंद करणे, हे या अवस्थेचे एक नेहमीचे कारण आहे.