पियानो बिघडतो पावसाळ्यात, कळतं उन्हाळ्यात

जुलैच्या मध्यावर वांद्र्यातल्या किंवा मडगावातल्या एखाद्या जुन्या घरातला उभा पियानो उघडला, तर डोळ्यांआधी नाकाला कळतं. कुबट वास येतो. बाहेरचं पॉलिश चकचकीत असतं, पण पायांजवळची फळी काढून आत टॉर्च मारला की पॉलिश न लागलेल्या कोऱ्या लाकडावर, पट्ट्यांच्या कडांना आणि तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्यावर, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीवर, राखाडी-हिरवट लव दिसते.

बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतात. सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली आणि हवा हलली नाही, की ते उगवतात. कोकणपट्टीत पावसाळ्यात हा आकडा 85 च्या आसपास घुटमळतो. पियानोच्या पोटात खायलाही भरपूर असतं: लोकरीचा नमदा, चामडं, वर्षानुवर्षांची धूळ आणि जुन्या वाद्यात जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस. त्यात आपण वरून जाड कापडाची खोळ घालतो आणि पियानो बाहेरच्या ओल्या भिंतीला चिकटवून ठेवतो. बुरशीला आणखी काय हवं?

तरी खरं सांगायचं तर बुरशी हे त्यातलं सगळ्यात किरकोळ नुकसान. ती दिसते, म्हणून माणसं घाबरतात. न दिसणारं नुकसान लाकडात चाललेलं असतं.

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण 18 ते 20 टन भरतो. तो बिडाच्या सांगाड्याने पेललेला असतो. आवाज मात्र देतो साउंडबोर्ड, म्हणजे तंबोऱ्याच्या तबलीचं काम करणारी स्प्रूस लाकडाची, जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीची मोठी फळी. ती किंचित फुगीर असते आणि तिच्यावरच्या घोडीवरून तारा जातात. लाकूड ओल शोषतं तेव्हा लांबीत जवळजवळ वाढत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. फळी फुगली की घोडी वर उचलली जाते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. हा चढ सगळीकडे सारखा नसतो. मधल्या सप्तकांत जास्त, टोकांना कमी. म्हणून पावसाळ्यातला पियानो नुसता चढा लागत नाही, तो स्वतःशीच बेसूर होतो.

इथवरचं नुकसान ट्यूनर आला की निस्तरतं. पण ही फळी कडेने चौकटीला आणि पाठीमागे आडव्या लाकडी दांड्यांना सरसाने जखडलेली असते. फुगायला जागा नसली की लाकडाच्या पेशी एकमेकींवर दाबल्या जाऊन चिरडतात, आणि चिरडलेली पेशी पूर्ववत होत नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की तीच फळी आकसते, ती मूळ मापापेक्षाही लहान व्हायला बघते आणि तडकते. मे महिन्यात भेग दिसली की लोक उन्हाला दोष देतात. तिचं मूळ आदल्या जुलैत असतं. खुंट्या ज्या जाड लाकडी ठोकळ्यात रोवलेल्या असतात, त्याचीही हीच गत. भोकं आतून चिरडली जातात आणि पुढे कोरड्या हवेत खुंट्या सैल पडतात.

म्हणूनच माझ्या मते नागपूरच्या पियानोचे हाल मुंबईच्या पियानोपेक्षा जास्त. मुंबईत तारांना गंज चढतो, बुरशी धरते, पण हवा वर्षभर थोडीफार दमटच असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि दोन महिन्यांत 80 च्या पुढे जाते. लाकडाला छळते ती ही चढ-उतार.

दमट हवेत पट्टी दाबल्यावर वर येत नाही, त्याचं कारण वेगळं आणि फार बारीक. हातोडी ज्या सांध्यावर फिरते तिथे सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची धातूची पिन असते आणि तिच्याभोवती लोकरी कापडाचं अस्तर. एका पट्टीमागे असे चार-पाच सांधे, म्हणजे पियानोभर साडेतीनशे-चारशे. अस्तर सादळलं की पिन आवळली जाते, हातोडी आळसावते. यावर न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कंपनीने 1962 मध्ये तोडगा काढला: लोकरीऐवजी टेफ्लॉन. टेफ्लॉन ओल शोषत नाही, मग प्रश्नच मिटला! पण भोवतीचं लाकूड हवामानाबरोबर हलतच राहिलं आणि टेफ्लॉन त्याच्याबरोबर हलेना. सांधे कुठे आवळले, कुठे सैल होऊन टकटक वाजू लागले. शेवटी कंपनी लोकरीच्या अस्तराकडे परतली. सगळी माणसं नाचत असताना एकानेच खांबासारखं उभं राहावं, तसं टेफ्लॉनचं झालं. जपानच्या कावाई कंपनीने नंतर सांध्याचा भागच प्लॅस्टिकचा केला. दमट मुलखासाठी ती युक्ती जास्त शहाणपणाची.

घरी काय करावं? बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका. ओलावा वाढतो आणि बीजाणू पसरतात. एन-95 मास्क लावून, खिडक्या उघडून, मऊ ब्रश आणि व्हॅक्युम क्लीनरने ती ओढून घ्यावी. ब्लीच अजिबात नको, त्याने लोकर खराब होते आणि पोलाद गंजतं. स्पिरिट जुन्या लाखेच्या पॉलिशला लागलं तर पॉलिश विरघळतं. अडकणाऱ्या पट्टीत तेल सोडणं तर सगळ्यात वाईट: दोन दिवस पट्टी पळते, मग धूळ आणि तेल मिळून चिकटा होतो. पियानो उन्हात ठेवायचाही नाही, वरचा पातळ पापुद्रा सुटून येतो.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल थोडा हिशेब करू. 12 बाय 10 ची, 10 फूट उंचीची खोली घ्या. 28 अंशांना आणि 88 टक्के आर्द्रतेला त्या हवेत साधारण 800 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. आर्द्रता 60 वर आणायची तर पाव किलो पाणी काढायला हवं, आणि दार उघडलं की पुन्हा तेवढंच आत येतं. पुड्या काही ग्रॅम शोषतील. इथे डीह्युमिडिफायरच लागतो.

एसी लावला की झालं, असंही नाही. रात्रभर 22 अंशांवर एसी चालला की बिडाचा जड सांगाडा आणि तारा त्या तापमानाला येतात. सकाळी खिडकी उघडली, बाहेरची हवा 28 अंशांची आणि 88 टक्के आर्द्रतेची. तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, जवळपास 26 अंश, त्यामुळे गार तारांवर सरळ पाणी जमतं. समुद्राजवळ तारांवर मिठाचे कण बसलेले असतात. मीठ 75 टक्क्यांच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि गंजाला वेग येतो. एसी बंद केल्यावर खोली निदान तासभर बंदच ठेवावी.

पूर्वी पियानोच्या तळाशी कमी वॉटचा पिवळा दिवा लावून ठेवायचे. त्यामागचं गणित सरळ आहे: 27 अंशांची 88 टक्के आर्द्रतेची हवा 31 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 70 वर येते, पाण्याचा एक थेंबही न काढता. एलईडीने हे होत नाही, तो पुरेसा तापतच नाही. दिवा नमद्यापासून आणि कापडापासून लांब हवा, आणि पाऊस सरला की बंद करायला हवा, नाहीतर थंडीत तोच पियानो वाळवून काढतो. हल्ली आर्द्रता मोजून आपोआप चालू-बंद होणाऱ्या तापदांड्या मिळतात, त्या बऱ्या.

आर्द्रतामापक मात्र आधी घ्या. स्वस्तातल्या मापकाचा आकडा पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकतो, पण तो स्वयंपाकघरात तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ओलसर होण्यापुरते पाण्याचे थेंब, ते आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा 75 यायला हवा. 80 आला, तर पुढे प्रत्येक वेळी पाच वजा करायचे.