बिशपांचा किल्ला आणि पायाखालचे पाणी

‘जुन्या लोकांनी बांधलेले हजार वर्षे हलत नाही’ हे वाक्य कोणत्याही प्राचीन वास्तूसमोर हमखास कानी पडते. इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम किल्ल्याला ते लागू पडत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या किल्ल्याच्या भिंती खरोखरच नदीच्या दिशेने सरकू लागल्या होत्या.

वेअर नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेल्या टेकडीवर, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाच्या आज्ञेवरून १०७२ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला गेला. स्कॉटलंडची सीमा जवळ आणि लंडन दूर, त्यामुळे किल्ल्यात राहणाऱ्या बिशपांना, म्हणजे ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांना, स्वतःची न्यायालये, टांकसाळ आणि सैन्य ठेवण्याची मुभा मिळाली. हे राजाधिकार १८३६ मध्ये संपुष्टात आले आणि पुढच्याच वर्षी किल्ला नव्या डरहॅम विद्यापीठाकडे गेला. तेथे आजही विद्यार्थी राहतात.

भिंत सरकते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. उतारावर वजन ठेवले की त्याचे दोन भाग पडतात: एक उतारावरून खाली ओढतो, दुसरा जमिनीला काटकोनात दाबतो. या दाबातून मातीच्या कणांमध्ये घर्षण निर्माण होते आणि तेच भिंतीला धरून ठेवते. पण पावसाचे पाणी कणांमधल्या पोकळ्यांत साचले, तर दाबाचा काही हिस्सा ते पाणी स्वतःवर घेते, आणि पाण्याला घर्षण नसते. समजा, एकूण दाब १०० आहे आणि त्यातील ४० पाण्याने उचलला. मग घर्षणासाठी केवळ ६० उरतो, खाली ओढणारे बल मात्र तेवढेच राहते. उरलेल्या या दाबाला ‘परिणामी प्रतिबल’ म्हणता येईल. ऑस्ट्रियन अभियंता कार्ल टर्झाघी यांनी ही कल्पना १९२० च्या दशकात मांडली आणि त्यातून आधुनिक मृदायांत्रिकी, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याचे शास्त्र, उभी राहिली. म्हणजे अकराव्या शतकातील गवंडी कितीही कुशल असला, तरी मातीतल्या पाण्याचा असा हिशेब मांडण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

१९३० च्या दशकात पायाखाली काँक्रीट भरून किल्ला सावरण्यात आला. अशा कामाचे मर्म एवढेच, की भार भुसभुशीत मातीवर न ठेवता भक्कम थरावर न्यायचा.

१९४२ मध्ये सातव्या शतकातील ख्रिस्ती संत कथबर्ट यांनी धुके पसरवून जर्मन विमानांपासून ही टेकडी वाचवली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. निरभ्र, निवांत रात्री थंड हवा नदीच्या खोऱ्यात उतरते आणि धुके धरते. त्यासाठी चमत्कार लागत नाही. त्याआधीच काही वर्षे किल्ल्याला आधार देणाऱ्या कामगारांचे श्रम मला त्या कथेहून अधिक वंदनीय वाटतात.

किल्ल्याच्या आतही अशीच एक खूण आहे. बिशप कोझिन यांनी १६६० च्या दशकात केलेला काळा लाकडी जिना मूळचा केवळ भिंतींच्या आधाराने अधांतरी होता. तो झुकू लागल्यावर त्याला खांब द्यावे लागले, आणि ते खांब आजही तेथे उभे आहेत.