जुनी बुद्धी, नवे काम : विवेकी विचार सुधारण्याच्या एका प्रयत्नाची पार्श्वभूमी

एका कामासाठी घडलेले अंग पुढे दुसऱ्याच कामाला लागते, ही गोष्ट डार्विनलाही ठाऊक होती. १९८२ मध्ये स्टीफन जे गूल्ड आणि एलिझाबेथ व्रबा यांनी तिला ‘एक्झॅप्टेशन’ असे नाव दिले. आधी ऊब राखणारी आणि नंतर उड्डाणाला उपयोगी पडलेली पिसे हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. विवेकी विचार सुधारण्यासाठी मनाच्या जुन्या क्षमतांचा असा फेरवापर जाणूनबुजून करता येईल का, हा प्रश्न मात्र माणसाच्या तर्कातील चुका मोजणाऱ्या प्रयोगांतून पुढे आला.

त्यांतला सर्वांत गाजलेला प्रयोग पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा, १९६६ सालचा. टेबलावर चार पत्ते आहेत : अ, क, ४ आणि ७. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते’ हा नियम तपासायचा असेल, तर कोणते पत्ते उलटावेत? बहुतेक लोक ‘अ’ किंवा ‘अ’ आणि ‘४’ निवडतात. वास्तविक ‘४’ च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही. ‘अ’ बरोबर उलटायला हवा तो ‘७’, कारण त्याच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. सुशिक्षितांतही दहापैकी जेमतेम एकाला हे जमते. १९८२ मध्ये ग्रिग्स आणि कॉक्स यांनी तोच तर्क मद्यपानाच्या वयाच्या नियमात बसवला : बिअर पिणारा, कोक पिणारा, बावीस वर्षांचा आणि सोळा वर्षांचा यांपैकी कोणाला तपासायचे? आता सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी बिअर पिणारा आणि सोळा वर्षांचा अशी अचूक निवड केली.

हा फरक कशामुळे पडतो, यावर बराच वाद झाला. १९८९ मध्ये लिडा कॉस्मिडिस यांनी असे मांडले की देवाणघेवाणीवर जगणाऱ्या आपल्या पूर्वजांना फसवणारा ओळखणे भागच होते, त्यामुळे ती नजर आपल्यात उपजत आहे. परवानगी-बंदीचे नियम माणूस अनुभवातून शिकतो, एवढ्यानेही या निकालाचा उलगडा होतो, असे चेंग आणि होलिओक आधीच, १९८५ मध्ये, म्हणाले होते.

व्यवहारात अधिक फळ मिळाले ते संभाव्यतेच्या प्रश्नात. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण एक टक्का, रोग असल्यास चाचणी सकारात्मक येण्याची शक्यता ८० टक्के आणि नसल्यास ९.६ टक्के, तर सकारात्मक चाचणी आलेल्या स्त्रीला रोग असण्याची शक्यता किती? डेव्हिड एडी यांनी १९८२ मध्ये नोंदवल्याप्रमाणे, अशा प्रश्नावर बहुतेक डॉक्टरांचा अंदाज सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात होता. खरे उत्तर आठ टक्क्यांहूनही थोडे कमी आहे. गर्ड गिगरेंत्सर आणि उलरिख हॉफराग यांनी १९९५ मध्ये टक्के काढून टाकले आणि माणसे मोजायला लावली : हजार स्त्रियांपैकी दहा जणींना रोग आहे, त्यांतल्या आठ जणींची चाचणी सकारात्मक येते, उरलेल्या ९९० पैकी सुमारे ९५ जणींचीही येते. म्हणजे १०३ मध्ये आठ. अशा मांडणीने योग्य रीतीने सोडवलेल्या उत्तरांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. टक्केवारी ही इतिहासात अगदी अलीकडची, तर डोळ्यांसमोर घडलेल्या घटना मोजणे फार जुने, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. निम्म्याहून अधिक उत्तरे तरीही चुकली, याकडे या पद्धतीचे उत्साही समर्थक सहसा बोट दाखवत नाहीत.

बार्बी आणि स्लोमन यांनी २००७ मध्ये उत्क्रांतीचा हा धागाच नाकारला. त्यांच्या मते या मांडणीत गटांतले उपगट स्पष्ट दिसतात, सुधारणा होते ती त्यामुळे. आक्षेप वजनदार आहे. पण त्याने बाधा येते ती कारणमीमांसेला. चाचणीचा निकाल समजावताना माणसे मोजून सांगावीत, ही शिफारस त्यामुळे मागे घ्यावी लागत नाही.

ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्परबर यांनी २०११ मध्ये याहून धीट मांडणी केली : तर्कशक्ती मुळात दुसऱ्याला पटवण्यासाठी आणि दुसऱ्याचे म्हणणे पारखण्यासाठी घडली, म्हणून एकट्याने विचार करताना ती आपल्याच मताची वकिली करते. मोशमन आणि गील यांनी १९९८ मध्ये वेसनचेच पत्ते छोट्या गटांना चर्चेसाठी दिले होते. एकट्याने सोडवणाऱ्यांत सुमारे नऊ टक्के यशस्वी झाले होते. गटांत हे प्रमाण ७५ टक्के होते, आणि या वेळी पत्त्यांवर अक्षरे-आकडेच होते, बिअर नव्हती.