झिजलेली इंग्रजी आणि तासलेली इंग्रजी

'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, आज 'हेल्प्ड' आहे. विमानाच्या देखभालीच्या पुस्तकात 'टेस्ट द सिस्टीम' असं लिहायला मनाई आहे, तिथे 'डू अ टेस्ट' असाच घाट घालावा लागतो. दोन्हींकडे बोट दाखवून लोक एकच निष्कर्ष काढतात: इंग्रजी सोपी होत चालली आहे. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली देवळाच्या पायरीसारखी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी झिजलेली. ती कोणी ठरवून झिजवली नाही. दुसरी रंधा मारलेल्या फळीसारखी. माप घेतलं, खूण केली, नको तेवढं तासून काढलं.

आधी झीज पाहू. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाला तीन लिंगं आणि चार मुख्य विभक्ती होत्या. 'स्टोन' म्हणजे दगड हा शब्द घ्या. एकवचनात तो स्तान, स्तानेस, स्ताने असा चाले आणि अनेकवचनात स्तानास, स्ताना, स्तानुम असा. आज लिहिताना चार रूपं दिसतात, पण कानाला दोनच ऐकू येतात, 'स्टोन' आणि 'स्टोन्स'. आजच्या एकट्या 'द'च्या जागी तेव्हा लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे बदलणारी दहाच्या आसपास रूपं होती.

हे कसं घडलं? पहिलं कारण उच्चारातलं. इंग्रजीत आघात बहुधा शब्दाच्या सुरुवातीला, मूळ धातूवर पडतो. त्यामुळे शेवटची अक्षरं तोंडातल्या तोंडात विरत गेली. -उम, -अन, -ओन हे प्रत्यय आधी एकसारखे ऐकू येऊ लागले, मग गळाले. दुसरं कारण शेजाराचं. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक स्थायिक झाले. त्यांच्या भाषेतले बरेच धातू इंग्रजीच्या धातूंशी जुळत, प्रत्यय मात्र वेगळे होते. अशा शेजाऱ्यांशी बोलताना धातू पुरतो आणि प्रत्यय अडचणीचा ठरतो. त्या भागात झीज आधी दिसते, ती बऱ्याच अभ्यासकांच्या मते यामुळेच. 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामंही तिथूनच आली. सगळं खापर १०६६च्या नॉर्मन विजयावर, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्यांनी इंग्लंड जिंकल्यावर, फोडायची पद्धत आहे, पण ते तितकंसं बरोबर नाही. नॉर्मन आले तेव्हा प्रत्यय सैल झालेलेच होते. जुनं प्रमाणलेखन मोडल्यावर ती झीज कागदावर उघडी पडली, इतकंच.

प्रत्यय गेले तरी प्रत्ययांचं काम कुठे गेलं नाही. 'रामाने रावणाला मारलं' आणि 'रावणाला रामाने मारलं' ही दोन्ही वाक्यं मराठीत चालतात. मारणारा कोण हे '-ने' सांगतो, क्रम काहीही असो. जुन्या इंग्रजीतही अशी मोकळीक बऱ्यापैकी होती. आज 'राम किल्ड रावण' मधली दोन नावं अदलाबदल केली की रावण जिंकतो. प्रत्ययांचं ओझं शब्दक्रमाने आणि 'टू', 'ऑफ', 'बाय' या शब्दांनी उचललं. झिजलेल्या भाषेत गुंता सहसा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो.

याचं उदाहरण मराठी शाळेतल्या प्रत्येक वर्गात सापडतं. जुन्या इंग्रजीत प्रश्न विचारायला क्रियापद नुसतं पुढे आणायचं, 'नो यू हिम?' असं. पंधराव्या ते सतराव्या शतकांत मध्ये 'डू' शिरलं आणि 'डू यू नो हिम?' झालं. आता काळ 'डू'ने दाखवायचा आणि मूळ क्रियापद कोरं ठेवायचं. म्हणून मुलं 'डिड यू वेंट' म्हणतात. भूतकाळ दोनदा लावतात आणि मार्क जातो. क्रियापदाचे प्रत्यय कमी झालेल्या भाषेने हा नवा नियम स्वतःच घडवला.

'तू' गेल्याची गोष्टही अशीच. 'दाउ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही, असा भेद प्रमाण इंग्रजीतून सतराव्या-अठराव्या शतकांत नाहीसा झाला. एक सर्वनाम वाचलं. पण आता समोर एक माणूस आहे की दहा, हे 'यू'मधून कळेना. मग अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल' आलं, इतरत्र 'यू गाइज'.

झिजेला वेग असतो आणि तो मोजलाही गेला आहे. २००७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली होती. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ अनियमित राहिली, आज ९८ आहेत. बाकीच्यांनी मुकाट्याने '-एड' लावून घेतलं. खरी गंमत वेगाच्या सूत्रात आहे. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरात असेल, तर ते साधारण दहापट वेगाने नियमित होतं. रोज तोंडात असलेलं 'वेंट' कोणी विसरत नाही. महिन्यातून एकदा लागणाऱ्या क्रियापदाचं रूप आठवत नाही, मग माणूस '-एड' ठोकून मोकळा होतो. उलटी वाटही आहे. 'स्नीक'चं 'स्नीक्ड' बरं चाललं होतं, तरी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'स्नक' आलं. झिजेला दिशा असते, शिस्त नसते.

आता तासकाम. सगळ्यात गाजलेला रंधा इंग्रज भाषाभ्यासक सी. के. ऑग्डन यांचा, १९३० सालचा 'बेसिक इंग्लिश', म्हणजे परक्यांना शिकायला सोपी पडावी म्हणून छाटलेली इंग्रजी. शब्द एकूण ८५०. त्यांत ६०० वस्तूंची आणि कल्पनांची नावं, १५० गुणवाचक आणि १०० 'क्रिया' चालवणारे शब्द. क्रियापदं फक्त १८: कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक, बी, डू, हॅव, से, सी, सेंड, मे, विल. 'एंटर' नको, 'गो इन' म्हणा. 'क्लाइंब' नको, 'गो अप' म्हणा. चर्चिल यांनी सप्टेंबर १९४३मध्ये हार्वर्डच्या भाषणात याची भलामण केली होती.

या १८ क्रियापदांकडे पुन्हा एकदा नीट पाहा. केम, गॉट, गेव्ह, वेंट, केप्ट, मेड, टुक, सॉ, सेंट… नियमाने '-एड' घेणारं एकच आहे, 'सीम'. उरलेली १७ अनियमित! ऑग्डन यांचा हात चुकला म्हणून हे झालं नाही. त्यांना कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त काम हवं होतं, म्हणून त्यांनी सतत वापरातली क्रियापदं निवडली. आणि सतत वापरातलीच क्रियापदं झिजेपासून वाचून अनियमित राहिलेली असतात. झिजेने ज्यांना हात लावला नाही, नेमकी तीच रंध्यातून शिल्लक राहिली. या दोन प्रक्रिया एकच असत्या तर असं झालंच नसतं.

बेसिकचं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. क्रियापदं छाटली की अर्थ जोडशब्दांत जातो. 'टॉलरेट' काढलं की 'पुट अप विथ' येतं. शब्द तीनही सोपे, पण तीन मिळून 'सहन करणे' का, हे मराठी किंवा जपानी माणसाला कुठून कळणार? यादी लहान झाली, पाठांतर कमी झालं नाही. चर्चिल यांच्या गाजलेल्या भाषणातल्या 'रक्त, कष्ट, अश्रू, घाम'चं बेसिकमध्ये 'रक्त, काम, डोळ्याचं पाणी आणि चेहऱ्याचं पाणी' होईल, अशी थट्टा फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी केली होती. 'टिअर्स' आणि 'स्वेट' यादीत नव्हते, 'आय', 'फेस' आणि 'वॉटर' होते.

दुसरा रंधा अजून जोरात चालू आहे. युरोपातल्या विमान कंपन्यांच्या मागणीवरून १९७०च्या दशकाच्या अखेरीस देखभाल-पुस्तकांच्या इंग्रजीवर काम सुरू झालं. १९८६ला पहिली मार्गदर्शिका आली, २००५पासून तिचं नाव 'एएसडी-एसटीई१००'. यातलं एसटीई म्हणजे 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश'. मान्य शब्द सुमारे ९०० आहेत. यंत्राच्या भागांची आणि खास प्रक्रियांची नावं त्याखेरीज वापरता येतात. मूळ तत्त्व हे की एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ आणि एकच व्याकरणी जात. 'टेस्ट' हे नाम, क्रियापद नव्हे. 'ऑइल'ही नामच. 'क्लोज' म्हणजे बंद करणे. 'जवळ' म्हणायचं तर 'निअर'. 'फॉलो' म्हणजे मागून येणे, सूचना पाळायच्या असतील तर 'ओबे'. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५ शब्दांचं. परिच्छेदात ६ वाक्यांपेक्षा जास्त नकोत. नामांची माळ तिनापर्यंतच.

जवळून पाहू. कारखान्यातल्या मसुद्यात असं वाक्य हमखास असतं: 'काइंडली एन्शुअर दॅट द व्हॉल्व्ह हॅज बीन क्लोज्ड प्रायर टू कमेन्सिंग ऑइलिंग ऑफ द बेअरिंग.' यावर रंधा असा चालतो. 'काइंडली' उडतं, यंत्राच्या सूचनेत अदब नको. 'प्रायर टू'चं 'बिफोर', 'कमेन्स'चं 'स्टार्ट', 'एन्शुअर'चं 'मेक शुअर'. 'हॅज बीन क्लोज्ड'मध्ये बंद कोणी करायचा ते कळत नाही, म्हणून थेट आज्ञा द्यायची. 'ऑइलिंग' हे '-इंग'चं रूप, तेही बाद. शेवटी दोन पायऱ्या उरतात. एक, 'क्लोज द व्हॉल्व्ह.' दोन, 'अप्लाय ऑइल टू द बेअरिंग.' मूळ वाक्यात एक खोच लपली होती ती इथे उघडी पडते: व्हॉल्व्ह मीच बंद करायचा, की आधी कोणी केला आहे एवढंच पाहायचं? दुसरं असेल तर 'मेक शुअर दॅट द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड' असं लिहावं लागेल. रंधा मारणाऱ्याला हे इंजिनिअरला विचारावंच लागतं, आणि माझ्या मते या पद्धतीचा अर्धा फायदा त्या विचारण्यातच आहे.

चुका ठरलेल्या असतात. लोक मान्य शब्दांची यादी पाळतात आणि अर्थ पाळत नाहीत. यादीत 'फॉलो' दिसलं की 'फॉलो द इन्स्ट्रक्शन्स' लिहून मोकळे. 'फ्यूल पंप प्रेशर सेन्सर कनेक्टर केबल' अशी सहा नामांची माळ तशीच ठेवतात. केबल कनेक्टरची, सेन्सरची की पंपाची, हे वाचणाऱ्यावर सोडलेलं. तिसरी चूक जिवावरची: 'वॉर्निंग' आणि 'कॉशन' यांची सरमिसळ. माणसाला इजा होण्याचा धोका असेल तर वॉर्निंग, यंत्राचं नुकसान होणार असेल तर कॉशन. दोन्ही संबंधित पायरीच्या आधी यायला हव्यात, नंतर नव्हेत. आणि तासलेला मजकूर बहुतेक वेळा मुळापेक्षा लांब होतो. सोपं म्हणजे आखूड असं गृहीत धरून पानांचा अंदाज बांधला की तो कोसळतो.

झीज आणि रंधा ओळखायच्या खुणा यातूनच मिळतात. झीज व्याकरणाची रूपं खाते, शब्दसंग्रह मात्र वाढतच जातो. रंधा शब्दसंग्रह आणि वाक्याची लांबी कापतो, व्याकरणाची काही रूपं टाळतो, पण जी ठेवतो ती बदलत नाही. झिजलेलं परत येत नाही, 'स्तानुम' आता कोणी म्हणणार नाही. तासलेल्यावर पहारा लागतो. संपादकाची नजर हटली की 'प्रायर टू' पुन्हा उगवतं. मोबाइलवरचे लघुरूपी संदेश या दोन्हींत बसत नाहीत, ती फक्त लिहिण्याची काटकसर. 'ओएमजी' तर १९१७ साली अ‍ॅडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रातच आहे.

स्पेलिंगमध्ये मात्र दोन्ही एकमेकांना भिडतात. 'नाइट' म्हणजे सरदार, हा शब्द पूर्वी 'क्निख्त'सारखा उच्चारत. उच्चार झिजला, अक्षरं राहिली. ती तासायला १९०६ साली अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगींच्या पैशावर मंडळ निघालं, ३०० शब्दांची यादी झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती सरकारी छापखान्याला लागू केली, काँग्रेसने विरोध केला आणि वर्ष संपायच्या आत त्यांना माघार घ्यावी लागली. यादीतले 'कलर', 'ऑनर'सारखे यू-विना शब्द टिकले, कारण अमेरिकेत ते आधीपासूनच रूढ होते. आपल्याकडे १९६२च्या लेखननियमांनी 'नांव', 'पांच' यांवरचा अनुस्वार काढला तो पचला, कारण तो उच्चारातून आधीच गेला होता.

एकाच शब्दावर दोन्ही चाललेलं पाहायचं तर 'शॅल' घ्या. बोलण्यातून तो आपोआप ओसरतो आहे, 'विल'ने त्याची जागा घेतली. कायद्याच्या भाषेतून तो मुद्दाम काढला जातो आहे, कारण त्याचा अर्थ सक्ती, परवानगी की नुसता भविष्यकाळ यावर वाद होतात. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची २००७ साली फेररचना झाली तेव्हा 'शॅल' उपटून 'मस्ट', 'मे', 'शुड' लावले. नियम ५६मध्ये, म्हणजे पूर्ण सुनावणीशिवाय निकाल देण्याच्या नियमात, त्या जागी 'शुड' आलं आणि न्यायालयावर सक्ती आहे की नाही, असा नवाच प्रश्न उभा राहिला. २०१०च्या दुरुस्तीत तिथे 'शॅल' परत बसवला.