येशूची गोष्ट मराठीत: पुराण, वाद आणि अभंग

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा सांगायला फार शब्द लागत नाहीत. इसवी सन ५५च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात हा गाभा दोन-तीन ओळींत येतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठला आणि शिष्यांना दिसला. देवाची क्षमा माणसाच्या पुण्याईवर मिळत नाही, ती कृपेने मिळते आणि विश्वासाने घ्यायची असते, असा त्याचा अर्थ. पौल तिथेच हेही सांगून टाकतो की यातलं काही त्याच्या पदरचं नाही. जे मिळालं तेच त्याने पुढे दिलं. ऐकायचं आणि सांगायचं, ही जोडी या धर्मात अशी पहिल्यापासून आहे.

मराठी मुलखात हे सांगणं चारशेहून अधिक वर्षं चाललं आहे. धर्मांतराच्या राजकारणावर आपल्याकडे भरपूर वाद झडतात. पण नेमकं काय सांगितलं गेलं आणि कोणत्या ढंगाने, तिकडे फारसं कोणी बघत नाही. मला विचाराल तर वाद घालून पटवायला निघालेल्यांपेक्षा इथल्या कानांना ओळखीच्या चालीत गाणाऱ्यांचं सांगणं जास्त टिकलं.

सुरुवात गोव्यातल्या साष्टीत झाली. थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरले ते परत गेलेच नाहीत. १६१९ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या वाट्याला आलेली साष्टी शांत नव्हती. १५६७ मध्ये तिथली देवळं पाडली गेली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मबाह्य वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय होतं, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट पाद्री मारले होते. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या घरातून जुन्या पोथ्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी आली चर्चमधली दोतोर्न, म्हणजे मुलांकडून घोकून घेतलेली प्रश्नोत्तरं.

या रिकाम्या जागेची नोंद स्टीफन्सांच्या मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराणातच आहे. पाद्री मुलांना दोतोर्न शिकवत असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढे येऊन म्हणतो, शिकवता ते चांगलंच आहे. पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्या भाषेत तसं दुसरं एखादं का देत नाही? हे पुराण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. ओव्या सुमारे अकरा हजार. भाग दोन: पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू म्हणजे सर्ग, सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारापर्यंत. दुसऱ्यात ५९, त्यात येशूचं सारं चरित्र. १६१६ मध्ये रायतूरला ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत.

‘हरळांमाजी रत्नकिळा’ ही मराठीची स्तुती आपल्याला शाळेपासून पाठ असते आणि बहुतेकांचं ख्रिस्तपुराण तिथेच संपतं. हे जरा अन्यायाचंच आहे, कारण स्टीफन्सांची खरी कमाई रचनेत आहे. दोतोर्न त्यांनीही लिहिली होती, कोंकणीत. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. पण प्रश्नोत्तरांतून काय मानायचं एवढंच कळतं. देव मुळात खाली का आला, हे समजायला गोष्ट लागते. म्हणून ते आदामाच्या पतनापासून निघतात, तारणारा येईल हे वचन अध्यायामागून अध्याय जागतं ठेवतात आणि मग कालवरीच्या क्रुसापाशी येतात. पृथ्वीला भार झाला, देवांनी धावा केला आणि मग जन्म झाला, या क्रमाने कथा ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ही वाट नवखी वाटली नसणार.

तरी याचं नुसतं कौतुक करून भागत नाही. ग्रंथ जीव ओतून लिहिला आहे. पण ऐकणाऱ्याला दुसरी पोथी उघडायची मोकळीक नव्हती, हेही तितकंच खरं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवरच गदा आणली. पुराण मात्र हस्तलिखितांतून, पठणातून जगलं. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते मंगळूरपर्यंत नेलं आणि १९०७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली तीही मंगळुरातूनच.

मुंबईतली गोष्ट वेगळी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये तिथे आले तेव्हा कंपनी सरकार त्यांना हाकलायलाच बसलं होतं. व्यापारात धर्माची कटकट नको, असा हिशोब. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचा कायदा बदलला आणि दार उघडलं. मग छापखाना आला, शाळा आल्या, १८२६ मध्ये मराठी नवा करार आला, १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. आणि वाद आले. १८३१ मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर भिडले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालत होते आणि मुंबईकर गर्दी करून ऐकत होते. दोन्ही बाजू समोरच्याच्या ग्रंथातली विसंगती काढण्यात पटाईत. क्रुसाची मूळ गोष्ट या धुरळ्यात बाजूला पडायची. त्याच किनाऱ्यावर विष्णुबुवांना उत्तरं देणारे जॉर्ज बोवेन हे मिशनचा पगार सोडून बाजारात गरिबासारखे राहत. मुंबईकरांच्या लक्षात राहिलं ते हे राहणं.

आणि ऐकणाऱ्याला काय मोजावं लागायचं? १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, मुलगा बापाच्या ताब्यात आला आणि त्याला जातीत परत घ्यायची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांवरच बहिष्काराची पाळी आली. नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे आणि नगर जिल्ह्यात महार-मांग वस्त्यांमधून जे लोक आले, त्यांनी या गोष्टीत अवतरणाचं तत्त्वज्ञान शोधलं नाही. देव गोठ्यात जन्मला, सुतारकी केली, वेशीबाहेर मारला गेला: वेशीबाहेर राहणाऱ्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नव्हता. चर्चमध्ये जात शिल्लक राहिलीच, ती कथा निराळी.

समजणं आणि मानणं यातलं अंतर सगळ्यात परखडपणे सांगितलं ते पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संस्कृत पंडिता, सिद्धांत तपासून, बिशपांशीही हुज्जत घालून आलेल्या. तरी पुढे त्यांनी लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. पापांची क्षमा आपल्यापुरती खरी आहे हे उमगायला आणखी आठ वर्षं गेली. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या त्याआधी थोडे दिवस काम पुरं झालं होतं.

नारायण वामन टिळकांकडे ही गोष्ट आगगाडीत आली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन भेटला, कवितेवर गप्पा झाल्या, उतरता उतरता त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला. टिळकांनी वाचायला घेतलं ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून. घरी काय झालं ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. पोराला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तोही सोवळ्याशी स्वतःचं भांडण पुरतं मिटल्यावर.

नगरला ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीच रुजलं होतं. कृष्णराव सांगळ्यांसारखे कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंगाच्या जुन्याच बांधणीत बायबलातलं आख्यान लावत. पण चर्चमधली बरीच गाणी अजून परदेशी चालीत अडखळत होती. टिळकांनी ती अभंगात आणली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत, आणि त्यांच्या पदांत ते ऐकू येतं: येशू तिथे न्यायाधीश कमी, माउली जास्त. इथे काही पाळकांनी नाकं मुरडली. त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती, कारण वात्सल्याच्या भरात क्रुसावरच्या मरणाची धार बोथट होऊ शकते. टिळकांची पदं वाचून मला तसं वाटत नाही. पापाची लाज आणि क्षमेचं नवल त्यांत पुरेपूर आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. मिशनच्या चौकटीत हे बसणं अवघडच होतं, आणि पुरतं आकाराला यायच्या आत, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले.

मागे राहिलं ते ‘ख्रिस्तायन’, येशूचं ओवीबद्ध चरित्र. टिळकांच्या हातून त्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेलं जवळजवळ सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं, ज्यांनी अक्षरं गिरवली ती लग्नानंतर, घरात, नवऱ्याच्या हाताखाली.