महिला फुटबॉल : स्पर्धा हंगामातील दमसास

९० मिनिटांच्या सामन्यात फुटबॉलपटूला लागणारी बहुतेक ऊर्जा प्राणवायूच्या आधारे तयार होते. ही एरोबिक क्षमता, म्हणजेच दमसास. अव्वल महिला खेळाडू एका सामन्यात साधारण १० किमी अंतर कापते. त्यात चालणे आणि संथ धावणेच जास्त. पण सामना फिरतो तो अधूनमधूनच्या वेगवान धावांवर, आणि अशा दोन धावांमध्ये दम किती लवकर सावरतो हे दमसासावर ठरते. डेन्मार्कच्या पीटर क्रुस्ट्रुप व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात यो-यो चाचणीत (२० मीटरच्या येरझाऱ्या, मध्ये १० सेकंदांची उसंत, वाढता वेग) सरस ठरलेल्या महिला सामन्यातही वेगात जास्त धावल्या होत्या.

खरी अडचण हंगाम सुरू झाल्यावर येते. रविवारी सामना असेल तर सोमवार थकवा घालवण्यात जातो, शुक्रवारपासून भार उतरवावा लागतो. जोरकस सरावाला उरतात मंगळवार ते गुरुवार. तेव्हा जादा धावणे माथी मारण्यापेक्षा आहे त्या सरावातच दम लावलेला बरा. नॉर्वेच्या यान हेल्गेरुड यांची २००१ मधील पद्धत प्रसिद्ध आहे : हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ९०–९५ टक्क्यांवर ४ मिनिटांच्या ४ फेऱ्या, मध्ये ३ मिनिटे हलके धावणे, आठवड्यातून दोनदा. तो प्रयोग मात्र किशोरवयीन मुलांवरचा होता, त्यामुळे त्याचे आकडे महिलांना जसेच्या तसे लावू नयेत. कमाल ठोकेही ‘२२० वजा वय’ या ठोकताळ्याने न काढता यो-योच्या शेवटच्या फेरीत मोजावेत.

हाच जोर चेंडूसह छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार खेळूनही साधतो. प्रशिक्षक कडेला जादा चेंडू घेऊन उभा राहतो. एक बाहेर गेला की दुसरा लगेच आत, म्हणजे श्वास घ्यायला निमित्त मिळत नाही. चेंडू आणायला खेळाडूच पळू लागल्या, तर ठोके उतरतात आणि मेहनत वाया जाते. या खेळात अंग चोरणेही सोपे असते, म्हणून ठोकेमापक पट्टा हवाच.

सर्वाधिक नुकसान होते ते राखीव खेळाडूंचे. पहिल्या अकराजणींना सामन्यातूनच मोठा भार मिळतो, बाकावरच्यांना नाही. त्यांच्याकडून सामना संपताच त्याच मैदानावर फेऱ्या करून घेतात.

दम अचानक कमी झाला की आधी सरावाला दोष दिला जातो. पण मासिक पाळीतील रक्तस्रावामुळे महिलांमध्ये लोहाची कमतरता अधिक आढळते, आणि तिनेही दम घटतो. अशा वेळी रक्ततपासणी आधी, फेऱ्या नंतर. चेल्सीच्या महिला संघाने पाळीच्या चक्रानुसार सराव आखायला सुरुवात केल्याची २०२० मध्ये बरीच चर्चा झाली. सर्वांना एकच वेळापत्रक लावण्याइतका पुरावा मात्र नाही. प्रत्येकीची स्वतंत्र नोंद ठेवणे अधिक उपयोगी.

२०२२ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकाचे सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाले. अशा ठिकाणच्या दमट हवेत त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, म्हणून किनारपट्टीवर ठोक्यांच्या जोडीला वेग आणि अंतरही मोजावे लागते.